फळ्यावर ‘मना मामा’ लिहा

पत्र: मी मूळची सोलापूरकडची. दोन वर्षांपूर्वी शिरपूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र आहे, पट २४. मुलं मराठीचा धडा घडाघडा म्हणतात, बाराखडीही पाठ आहे. पण तेच शब्द दुसऱ्या कागदावर लिहून दिले की गप्प बसतात. घरी बहुतेक सगळे अहिराणी बोलतात, दोन-तीन मुलं पावरी बोलणारी आहेत. मी त्यांना सारखी ‘शुद्ध बोला’ म्हणून सांगते. शाळेत गोष्टीच्या पुस्तकांची पेटी आहे, पण पुस्तकं फाटली तर भरून कोण देणार, म्हणून ती कुलपात आहे. बऱ्याच आया शिकलेल्या नाहीत, त्यामुळे घरी सराव होत नाही. मुलांना वाचायची सवय कशी लावू?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे. मुलं धडा घडाघडा ‘म्हणतात’ असं तुम्ही लिहिलंत, ‘वाचतात’ असं नाही. म्हणजे दुखणं कुठे आहे ते तुम्हाला कळलेलं आहे.

तरी एकदा खात्री करून घ्या. एकेकाला जवळ बोलवा. पाठ असलेल्या धड्यातली मधलीच एक ओळ उघडी ठेवा, वरखाली वहीचा कागद धरा आणि त्या ओळीतला एक शब्द बोटाने दाखवून विचारा. पुष्कळ मुलं पहिल्या ओळीपासून तोंडातल्या तोंडात म्हणत त्या शब्दापर्यंत येतील. काही चित्राकडे बघतील. बाराखडीचंही तेच. ‘कै’ एकटा विचारला की मूल ‘क का कि की’ अशा पायऱ्या चढत तिथे पोचतं. यात मुलांची लबाडी नाही, आपण त्यांना सूर शिकवला आणि त्यांनी तो मन लावून धरला. सगळ्यांनी एका आवाजात धडा म्हटला की दोन-चार मुलं वाचत असतात, बाकीची कानावर पडेल ते म्हणतात, आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसाला अख्खा वर्ग वाचतोय असं वाटतं. कवितेला हे ठीक. धड्याला हे बंद करा, अगदी उद्यापासून.

आता त्या ‘शुद्ध बोला’बद्दल. ताई, हे मी जरा जोर देऊन लिहिते, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि माझी तर आईची भाषाच अहिराणी. नोकरीच्या पहिल्या वर्षी दुसरीतला एक मुलगा उभा राहून वाचत होता. पुस्तकात ‘शाळा’ होतं, त्याने ‘शाया’ वाचलं. मी त्याला थांबवलं आणि तीन वेळा ‘शाळा’ म्हणायला लावलं. वर्ग हसला. पुढे महिनाभर त्याने माझ्यासमोर तोंड उघडून एक ओळ वाचली नाही. खूप वर्षांनी मला कळलं की त्या दिवशी त्या पोराने अवघड काम केलं होतं. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळ्याला डोया, काळ्याला काया, शाळेला शाया. त्याने अक्षरं ओळखली होती, शब्दाचा अर्थ त्याला लागला होता, आणि तो अर्थ त्याच्या घरच्या शब्दातून बाहेर आला होता. ‘शाळा’ला ‘शाल’ वाचलं असतं तर चूक होती. ‘शाया’ वाचलं म्हणजे तो वाचत होता.

हा फरक तुमच्या कानाला लागला पाहिजे, आणि तुम्ही बाहेरच्या असल्यामुळे तो मुद्दाम लावून घ्यावा लागेल. अक्षर चुकलं की काय चुकलं ते बघायचं. बोली आली की मान डोलवून पुढे जाऊ द्यायचं, आणि वाक्य संपल्यावर तुम्ही ते पुस्तकातल्यासारखं एकदा सहज म्हणायचं, बस्स. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती कानावर पडून येते, टोकून येत नाही.

उलटाही धोका आहे. मूल अक्षर न् अक्षर बरोबर वाचेल आणि अर्थ वेगळाच घेईल. ‘शेत’ हा शब्द घ्या. तुमच्या मुलांच्या घरी शेताला वावर म्हणतात. आणि अहिराणीत ‘शे’ म्हणजे आहे. त्याचं अनेकवचन काही गावांत ‘शेत’, काही गावांत ‘शेतस’. पहिलीतल्या पोरासमोर ‘हे शेत’ असा धडा आला की त्याच्या मनात काय उमटत असेल? म्हणून नवा धडा उघडायच्या आधी चित्रावर बोला, त्यांच्या भाषेत बोलू द्या. ‘वावरले मराठीत शेत म्हणतस’ असं एखादा पोरगाच सांगेल. तुमच्यापेक्षा त्याने सांगितलेलं चांगलं बसतं. आणि तुम्ही अहिराणीची दहा-वीस वाक्यं शिका. मुलं तुमचे उच्चार दुरुस्त करतील, त्यात त्यांना फार आनंद होतो.

अक्षरांकडे येऊ. अख्खी वर्णमाला, मग अख्खी बाराखडी, मग शब्द, या क्रमात मूल पहिलं अर्थाचं वाक्य वाचेपर्यंत वर्ष सरतं. तोवर वाचन म्हणजे कंटाळा हे त्याने ठरवून टाकलेलं असतं. त्याऐवजी चार-पाच अक्षरं आणि एक मात्रा घ्या. समजा क, म, न, ल, र आणि काना. एवढ्यावर काका, मामा, नाना, नाक, कान, मान, मका, लाल, काल, काम, नाला, रान असे डझनभर शब्द होतात. आणि आता गंमत बघा: अहिराणीत ‘माझा’ म्हणजे ‘मना’. तीच अक्षरं. फळ्यावर ‘मना मामा’ लिहा. पहिल्या पंधरवड्यात, हातात पाच अक्षरं असताना, मूल आपल्या घरातलं माणूस फळ्यावर वाचतं. ‘मना काका, मना नाना.’ दुसरी वेलांटी आली की ‘मनी मामी’ आणि ‘मनी काकी’. एक मात्रा आली की ‘माले’, म्हणजे मला. मराठीतलं ‘माझा’ त्याच्या शेजारी लिहा, पण ‘झ’ यायला वेळ आहे, तोवर ते तुम्ही वाचून दाखवा.

मी दुसरी वेलांटी आधी सांगितली, ते विचार करूनच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि बोलायची मात्र अक्षरानंतर. डावीकडून उजवीकडे बोट सरकवायला नुकतंच शिकलेल्या मुलाला ही मोठी अडचण असते. दुसरी वेलांटी, काना, एक मात्रा पक्की होऊ द्या, मग पहिलीकडे या. तसंच ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ एका आठवड्यात घेऊ नका. जोडाक्षरांची घाई नको. रफार तर इयत्ता दुसरीच्या मध्यावर आला तरी चालेल.

पण अक्षरं आली म्हणून वाचायची सवय लागत नाही. तुमचा खरा प्रश्न सवयीचा आहे. तर त्यासाठी रोज तुम्ही वाचायचं.

परिपाठ संपला की दहा-पंधरा मिनिटं, रोज, त्याच वेळी, काहीही झालं तरी. मुलांना जवळ जमिनीवर बसवा, पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून धरा, शब्दांखालून बोट सरकवत वाचा. तोंडी गोष्ट सांगणं वेगळं, तेही करा, पण या वेळेला पुस्तक हातात हवं. गोष्ट त्या कागदातून येते, बाईंच्या डोक्यातून नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं. ज्या घरात कोणी पुस्तक हातात धरत नाही, तिथल्या मुलाने मोठ्या माणसाला आवडीने वाचताना पाहिलेलंच नसतं. तुम्ही ते पहिलं माणूस आहात. एकच पुस्तक तीन-चार दिवस लागोपाठ वाचा. आपल्याला कंटाळा येतो, त्यांना येत नाही. तिसऱ्या दिवशी ती तुमच्या आधी पुढचं वाक्य म्हणू लागतात, आणि मग एक दिवस कोणीतरी पानावर बोट ठेवून विचारतं, मॅडम, भोपया कथा लिखेल शे? भोपळा कुठे लिहिलाय? त्या दिवशी मी घरी जाताना गुळाची जिलबी घेतली होती.

एकच ओळ पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी निवडा. म्हातारी आणि भोपळ्याची लोककथा तशीच आहे. वाचून झालं की तात्पर्य विचारू नका. प्रश्नोत्तरंही नकोत. वाचायच्या आधी मुखपृष्ठ दाखवून ‘यात काय होईल?’ एवढं विचारा आणि मध्ये एकदा थांबा. गोष्टीच्या शेवटी परीक्षा असते हे मुलांच्या लक्षात आलं की ती गोष्टीपासून लांब सरकून बसतात.

त्यानंतर फळ्याचा एक कोपरा वर्गाच्या बातमीला द्या. एका मुलाने रोज एक वाक्य सांगायचं आणि तुम्ही ते जसंच्या तसं लिहायचं: ‘काल मना मामा उना.’ खाली मराठीत: ‘काल माझा मामा आला.’ ज्याचं वाक्य त्याने ते बोट ठेवून वाचायचं. शनिवारी आठवड्याची वाक्यं जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर उतरवा, मुलं चित्रं काढतील, सुईदोऱ्याने शिवा. झालं पुस्तक. आपल्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे. छापखान्याची वाट त्यांनी बघितली नाही. तुमच्या वर्गात वर्षाअखेर अशी पंचवीस-तीस पुस्तकं तयार होतील, आणि मी अनुभवाने सांगते, विकतच्या पुस्तकांच्या आधी हीच झिजतात. आखाजीची, म्हणजे इकडच्या अक्षय्य तृतीयेच्या सणाची, आणि कानबाई या इकडच्या देवीची गाणी मुलींना तोंडपाठ असतात, तीही मोठ्या अक्षरात कागदावर घ्या. पाठ असलेल्या शब्दावर बोट नेमकं ठेवता येणं हा वाचनाचा फार चांगला सराव आहे. पाठांतराचा असा उपयोग करायचा.

आता पेटी. ताई, ती उघडा.

माझ्या एका शाळेत मीही दोन वर्षं पेटी जपली. उघडली तेव्हा खालचा थर वाळवीने खाल्ला होता आणि वरच्या पुस्तकांना कसर लागली होती. पोरांनी फाडली असती तर निदान वाचून फाडली असती. साठा नोंदवहीची भीती मला ठाऊक आहे. वापरून जीर्ण झालेल्या पुस्तकांचं रीतसर निर्लेखन करता येतं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करता येतात, मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. भिंतीवर मुलांच्या छातीच्या उंचीला सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं अशी लावा की मुखपृष्ठ दिसेल. कण्याकडून लावलेलं पुस्तक पहिलीतलं मूल ओढून काढत नाही. एका वेळी पंधराच लावा, दर पंधरा दिवसांनी बदला. फाटलेलं पुस्तक आणून देणाऱ्याला रागावायचं नाही, खळ आणि चिकटपट्टी त्याच्यासमोर ठेवायची. माझ्या वर्गात शनिवारी दोन ‘डॉक्टर’ बसायचे. त्यांची पाळी यायला मुलं भांडत.

खिचडी खाऊन झाल्यावरची दहा मिनिटं या पुस्तकांना द्या. ज्याला जे हवं ते. चित्रं बघितली तरी चालेल, उलटं धरलं तरी थोडा वेळ चालू द्या. दुसरीतल्या एकाला पहिलीतला एक जोडून द्या. दुसरीतलं जे मूल तुमच्यासमोर अडखळतं, ते लहान्याला वाचून दाखवताना अडखळत नाही, आणि दोन वर्ग एका खोलीत असल्याचा असा फायदा आणखी कुणाला मिळतो? तुम्हीही त्या वेळात वाचत बसा. नोंदी, मोबाईल, माहिती भरणं, सगळं बाजूला. मुलं बघत असतात.

पुस्तकं कमी पडतील तेव्हा प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ बघा. २०१५ पासून ते मोफत आहे. मराठी गोष्टी पहिली ते चौथी अशा पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत पानावर जेमतेम एखादी ओळ असते. त्या उतरवून छापायला आणि दुसऱ्या भाषेत करायलाही मुभा आहे. चौथीच्या मुलांना बसवून एखाद्या गोष्टीचं अहिराणी करा आणि प्रत्येक पानाखाली पट्टी चिकटवा. शिवाय गावात वाचायला काय कमी आहे? एसटीची पाटी, खताची गोणी, लग्नपत्रिका. ‘शिरपूर’ आणि ‘धुळे’ ओळखता येणारं मूल गाडीजवळ म्हाताऱ्यांच्या उपयोगाला येतं आणि त्याची छाती फुगते.

घरच्या सरावाबद्दल तुम्ही लिहिलंत की आया शिकलेल्या नाहीत. बहिणाबाई चौधरींची आठवण ठेवा. १८८० साली असोद्याला जन्मल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी सुचायची. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने ती टिपून ठेवली, म्हणून त्या १९५१ साली गेल्यानंतर वर्षभरात त्यांचं पुस्तक निघू शकलं. तुमच्या मुलांच्या आया घरात भाषा देतातच, रोज, भरपूर. लेखणी तेवढी आपल्याकडे आहे. म्हणून पालकसभेत त्यांना ‘सराव घ्या’ असं सांगू नका, त्या खाली मान घालतात आणि पुढच्या सभेला येत नाहीत. त्यांना म्हणा: पोरगं पुस्तक घेऊन आलं की भाकरी थापता थापता फक्त ऐका, आणि तो थांबला की विचारा, ‘मंग काय व्हयनं?’ एवढंच. हा प्रश्न विचारायला अक्षर यावं लागत नाही, आणि या प्रश्नासाठी मूल पान उलटतं. पुस्तक घरी न्यायला कापडी पिशवी शिवून घ्या. कुणी काय नेलं त्याची वही मुलांनाच ठेवू द्या.

एखादा बाप म्हणेल, गोष्टी काय वाचता, शिकवा. रागावू नका. त्याच्या मुलीला जरा बाहेर थांबवा आणि एक चिठ्ठी त्यालाच सांगायला लावा, तुम्ही लिहा, मग तिला आत बोलवा, तिने वाचायची. दुसरं काही बोलावं लागणार नाही.

तपासणीला कुणी आलं तरी गोष्टीची वेळ लपवायचं कारण नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटापर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हेच २०२६-२७ पर्यंतचं उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. शब्द ‘समजून’ आहे. मिनिटाला किती शब्द याच्या शर्यती वर्गात लावू नका. हळू वाचणारं मूल त्यात पहिल्यांदा गप्प होतं. त्यापेक्षा रोज तीन मुलांना दोन-दोन मिनिटं जवळ घेऊन ऐका आणि वहीत एक ओळ लिहा: कुठे अडला, काय आवडलं. २४ मुलं आठ शाळेच्या दिवसांत एकदा होतात. अशी वही तुमच्याकडे असली की कुणालाही दाखवता येते.

पावरी बोलणारी जी दोन-तीन मुलं आहेत, त्यांची काळजी जास्त घ्या, कारण त्यांना मराठी आणि वर्गातली अहिराणी अशा दोन भाषा परक्या आहेत. त्यांच्या आयांना शाळेत बोलवून घरातले, रानातले पन्नासेक शब्द लिहून घ्या आणि भिंतीवर चित्रांसह लावा. बातमीच्या कोपऱ्यात त्यांचं वाक्य पावरीतच लिहा. तुमच्या हातून उच्चार चुकेल, ती हसतील, हसू द्या.

शेवटचं कापसाचं आणि उसाचं. वेचणी लागली की मुलं दोन-दोन दिवस दिसत नाहीत, नाहीतर लहान भावंडाला कडेवर घेऊन येतात. भावंडाला बसू द्या, गोष्ट त्यालाही ऐकू द्या. आणि दिवाळीनंतर एखादं घर ऊसतोडीला निघालं, तर त्या मुलाला मोकळ्या हाताने पाठवू नका. पिशवीत चार पुस्तकं घाला, त्यात वर्गाने शिवलेलं एक असू द्या, ज्यात त्याचं स्वतःचं वाक्य आहे. परत येतील की नाही याचा हिशोब करू नका. दोरीवरचे त्याचे चार चिमटे आखाजीपर्यंत रिकामे ठेवा, आणि बाकीच्यांना सांगून ठेवा ते कुणाचे आहेत.

तुमची,
ताई